कालचा आकडा

विश्रामबाग, सांगली

प्रिय संयोगिता,

बाळाचा फोटो पोचला. अम्मीनं चष्मा लावून पाहिला आणि म्हणाली, नाक आईवर गेलं नाही, बरं झालं. रागावू नकोस, तिचे लाड असेच असतात. वाईला येऊन पोरीला मांडीवर घ्यायचं फार मनात आहे. पण जे सांगायचंय ते तुझ्या आईसमोर तोंडातून निघालं नसतं, आणि फोनवर तू माझं बोलणं मधेच तोडलं असतंस. म्हणून लिहिते आहे.

तू बाळंतपणाला गेलीस तेव्हा ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर तो एआय एजंट नुकता आला होता. साध्या भाषेत काम सांगायचं, की तो कोड लिहितो, चालवून बघतो, चुकलं तर दुरुस्तही करतो. तू हसून म्हणाली होतीस, आता आपण नुसता चहा प्यायचा. खरं सांगू, सुरुवातीला मला तो फार आवडला. सर्पदंशाच्या अ‍ॅपचं निम्मं काम त्यानंच उरकलं. कुठल्या आरोग्य केंद्रात सापाच्या विषावरची लस शिल्लक आहे ते रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला फोनवर दिसावं, एवढंच ते अ‍ॅप. उसाच्या भागात त्याची किती गरज आहे हे तुला मी काय सांगू! काही गाड्यांवर चाचणी सुरू झाली आणि आपले बाळासो सर ऑफिसभर पेढे वाटत फिरले.

मग आकाराम नावाच्या एका शेतकऱ्यांचं झालं. उसाला पाणी पाजताना त्यांच्या पायाला नाग चावला. रुग्णवाहिकेवर ड्रायव्हर मानसिंग होता. त्यानं अ‍ॅप बघितलं, जवळच्या केंद्रात लस दिसत होती, तिकडं गाडी घातली. चाचणीत काही अडलं तर ड्रायव्हर मलाच फोन करायचे. मानसिंगचा आवाज अजून कानात आहे. “ताई, हितं कपाट रिकामं हाय! तुमचं अ‍ॅप तर लस हाय म्हणतंय. गड्याच्या पापण्या मिटाय लागल्यात. आता कुठं जाऊ?” मी दुसऱ्या फोनवरून एकेका केंद्राला विचारत सुटले. शेवटी म्हटलं, सांगलीला ये, सरळ सांगलीलाच ये. त्यानं फोन तसाच चालू ठेवला होता. मागून आकारामांच्या बायकोचा, राहीबाईंचा आवाज येत होता. “आवं, डोळं उघडा की. आवं, माज्याकडं बघा.” सारखं तेच. मग तो आवाज एकदम थांबला. मला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. दवाखान्यात त्यांना श्वासाच्या मशीनवर ठेवलं, आणि एक दिवस ते आपल्या पायांनी घरी गेले. पण राहीबाई गप्प झाल्या ना, ते क्षण माझ्या मनातून काही जात नाहीत.

नंतर मी शोधत बसले. त्या केंद्रातली लस आदल्या संध्याकाळी दुसऱ्या कुणाला लागली होती. केंद्रातलं नेट बंद, त्यामुळं नवा आकडा आलाच नव्हता. आणि आपलं अ‍ॅप कालचा आकडा आजचा म्हणून दाखवत होतं. मी एजंटला विचारलं, असं का केलंस? काही न लपवता त्यानं सांगितलं: स्क्रीन कधी रिकामी दिसू नये अशी सूचना होती, म्हणून माहिती नसेल तर शेवटचा आकडा दाखवावा असं मी गृहीत धरलं, आणि काम संपवताना तसं लिहूनही दिलं होतं. खरंच दिलं होतं. टेस्टही त्यानंच लिहिलेल्या, आणि त्या हेच तपासत होत्या की स्क्रीन रिकामी दिसत नाही ना. सगळ्या पास, सगळ्या हिरव्या. तो बदल अ‍ॅपमध्ये घालायला होकार बाळासो सरांनी दिला होता. त्यांच्या जागी मी असते तरी दिला असता.

चूक दुरुस्त केली तीही त्याच्याच मदतीनं. आता माहिती नसली की तांबड्या अक्षरांत येतं, ‘माहिती नाही, फोन करा.’ तेव्हापासून मी त्याला काम तुकड्या-तुकड्यानं देते. नेट गेलं तर काय, एकाच डोसासाठी दोन गाड्या धावल्या तर काय, ते आधी माझं मी ठरवते. काम झालं की विचारते, यात तू काय गृहीत धरलंस? मग ओळ न् ओळ वाचते, आणि जे कळलं नाही त्याला होकार देत नाही. त्याच्याशी माझं भांडण नाही गं. काही फोनांची घड्याळंच चुकीची असतात, त्यामुळं जुना आकडा ताजा वाटेल, हे त्यानंच दाखवून दिलं. मला सात जन्मात सुचलं नसतं. पण वाचता वाचता कधी कधी डोळे नुसते ओळींवरून घसरतात, बोट आपोआप होकाराकडं जातं, आणि मी दचकते.

सरही घाबरलेत. आकाराम दवाखान्यात होते तोवर रोज शहाळं घेऊन जायचे. पण पुन्हा कुणाचं असं होऊ नये, ही भीती त्यांना पुढं पळवते आहे. सातारा-सांगली दोन्ही जिल्ह्यांत अ‍ॅप एकदमच सुरू करायचं म्हणून उरलेलं सगळं काम त्यांनी एकाच वेळी चार-पाच एजंटांना दिलं. कोडचा डोंगर झाला, आणि मला म्हणाले, सोमवारपर्यंत होकार दे. मी म्हटलं, वाचायला वेळ लागेल. ते भडकले. “टेस्ट हिरव्या हायत की! तू काय त्याच्यापेक्षा शाणी हायस व्हय?” मी म्हटलं, सर, त्या दिवशीही हिरव्याच होत्या. मग त्यांनी मला त्या कामावरून काढलं.

आता माझ्या जागी बसशील का म्हणून ते तुला फोन करतील. मी तुला ओळखते. जिथं अर्फाला काढलं तिथं मी येणार नाही, असं म्हणून तू फोन ठेवशील. मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते आहे. तू नाही म्हणालीस तर ते दुसरं कुणीतरी बघतील, आणि तो माणूस सोमवारी न वाचता होकार देईल. तेव्हा माझ्यासाठी भांडू नकोस. वाईतूनच काम करेन म्हण, आणि स्वतः वाचल्याशिवाय एकाही गाडीवर काही जाऊ देणार नाही, एवढी अट घाल. तुझा शब्द ते नेहमीच मानत आलेत, तुझी अट मोडणार नाहीत. तुला माझ्या खुर्चीत बघून मला वाईट वाटेल, खोटं कशाला बोलू? त्याचं माझं मी बघेन. तू हो म्हण.

भ्यालेली, पण तुझीच,
अर्फा