उतारावर पदराचा आवाज

आई, तू स्कूटरवर माझ्या मागं बसलीस की डोळे गच्च मिटून घ्यायचीस. माझ्या चालवण्यावर तुझा विश्वास नव्हता आणि समोरून येणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांवर तर त्याहून नव्हता. कोडोलीला तुझ्या माहेरी जायचं म्हणजे सगळी वाट तू आंधळी आणि मी बहिरा, कारण डोळे मिटले तरी तुझं तोंड उघडंच असायचं. "आरं, ऐंशीनं चाललायस! उडीवतोस काय मला?" मी बघायचो तर काटा चाळिशीवर पेंगत असायचा. "चाळीस आहे, आई." "काटा मेला खोटं बोलतोय. माझ्या कानाला कळतंय की! दमानं घे मुडद्या, दमानं." वाटेत उतार लागला की पेट्रोल वाचवायला मी इंजिन बंद करायचो. त्या काळी आपल्या घरात त्याला शहाणपण म्हणत. इंजिन गप्प झालं की तुझा आवाज दुप्पट चढायचा आणि खांद्यावर नखं रुतायची. मला हसू यायचं. गाडी बंद आहे आणि बाईला वाटतंय ती वाढली. गाडी उतारावर खरंच वाढलेली असायची, हे मात्र माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

एकदाच तू गप्प बसून आलीस. माहेरी तुझा कान असा ठणकला की मामीनं कोमट तेल सोडून दोन्ही कानांत कापसाचे बोळे कोंबले आणि वरून टॉवेल आवळून बांधला. तुझा चेहरा बघून मीच घाबरलेलो. कोल्हापुरात कानाच्या डॉक्टरच्या दारापर्यंत मी ती स्कूटर अशी हाणली की ट्रॉलीवालेच डोळे मिटत असतील. मागून एक शब्द नाही. तू खाली उतरलीस, टॉवेल सैल केलास आणि म्हणालीस, "आज लई गुणानं आणलंस. असंच हळू चालवत जा की." तुझ्या तोंडून मला मिळालेली ती एकमेव शाबासकी, आणि तीही कापसामुळं.

तू गेल्यावर मी दोन धंदे धरले. एक पेपरातलं सदर, ज्यात मी गावाची उणीदुणी काढतो आणि गाव ती कापून शेजाऱ्याला दाखवतं. दुसरा स्टुडिओ, जिथं लग्नाच्या बँडपासून निवडणुकीच्या घोषणांपर्यंत काहीही रेकॉर्ड करून मिळतं. तोंड तुझ्याकडून आलं हे सगळ्यांना माहीत आहे. कानही तुझ्याकडूनच आले, हे मला यंदा कळलं.

त्याचं असं झालं. ताईचा मुलगा, तुझा नातू, ज्याला तू पाहिलंच नाहीस, तो पुण्यातली चांगली नोकरी सोडून इकडं परत आला आणि एका गोदामात विमान बांधायला बसला. उडणारं नव्हे. खुर्ची, दांडा, काटे आणि समोर मोठा पडदा. वैमानिक व्हायला निघालेली पोरं आधी यात शिकतात, म्हणजे आपटली तरी हाडं शाबूत. ताई म्हणाली, "न उडणाऱ्या विमानासाठी नोकरी सोडली, हे लोकांना कसं सांगू?" मी म्हटलं, सांगू नकोस, मी सदरात लिहितो. ती आठवडाभर बोलली नाही. पोरानं आवाजाचं काम माझ्यावर टाकलं. "मामा, वर आभाळात बाजूनं झाड जात नाही की मैलाचा दगड. पडदा नुसता निळा. वेग कळायचा तो कानानंच." मी होकार दिला. जन्मात विमानात बसलेलो नव्हतो. पण न बसता बोलायची सवय सदरामुळं झालेली.

तपासायला आले ते निवृत्त वैमानिक, आता पोरांना शिकवतात. त्यांनी हो म्हटलं तर त्यांचे विद्यार्थी येणार, नाही म्हटलं तर पोरगं परत पुण्याला. पहिल्यांदा त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "खुर्चीत बसल्यासारखं वाटतंय." मी आवाज वाढवला. दुसऱ्यांदा म्हणाले, "आता खुर्चीत बसून डोकं दुखल्यासारखं वाटतंय. अहो, हे इंजिन झालं. इंजिन बारीक करून नाक खाली केलं की इंजिन गप्प आणि वेग वाढता. तो वेग कुठाय यात? एकदाच येईन आता." ते गेले. पोरगं चहाचा कप हातात धरून बसलं, प्यालं नाही. आणि मला इंजिन बंद केलेला उतार आठवला. तुझी नखं आठवली. तुझ्या कानाशी तेव्हा काय होतं, आई? वाऱ्यानं फडफडणारा तुझाच पदर.

तुझं एक सुती पातळ ताईनं ठेवलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कळंब्याच्या बाजूला मी स्कूटर काढली. मागं बायको, तिच्या डोक्यावर तुझा पदर, पदराशी माइक. "सासूबाई जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्यांचा पदर माझ्याच डोक्यावर," ती म्हणाली. थोड्या वेळानं, "अहो, किती पळवताय!" मी काटा बघितला. चाळीस. डोळे उघडे ठेवूनही तिला फसता येत होतं. स्टुडिओत आल्यावर मी आवाज मोठा केला नाही. फडफड दाट केली, सूर वर नेला, त्यावर वारा पांघरला. वेग उतरला की फडफड विरळ होते आणि सूर खाली बसतो. विमान वाऱ्यावर टेकलेलं आहे तोवर कानाशी काहीतरी बोलत राहतं. ते मुकं होत चाललं, म्हणजे वेग संपत आला, की पोरांनी घाबरायचं.

तिसऱ्या वेळी साहेब पडद्याकडं पाठ करून बसले. "मला बघायचं नाही. ऐकायचंय." पोरानं इंजिन बारीक केलं, नाक खाली सोडलं. साहेब म्हणाले, "वाढला." मग, "वाढतोय." मग त्यांनी मागं न बघताच हात टाकून पोराचा खांदा पकडला, "अरे नाक वर घे की! मारतोस काय!" त्यांनी खांदा सोडला, स्वतःवरच ओशाळून हसले आणि म्हणाले, "सोमवारी मुलं पाठवतो." दारात मला विचारलं, "हा आवाज कुठल्या विमानाचा घेतलात?" मी म्हटलं, "जुनं होतं. आता मिळत नाही."

तू कायम चुकायचीस, आई. चाळिसाला ऐंशी म्हणायचीस. पण खोट्या विमानाला खरा वेग लागत नाही, वाटणारा लागतो, आणि तो कानानं ओळखण्यात तुझा हात कुणी धरला नसता. काट्यावर विश्वास ठेवणाऱ्या मुलाला तू इतकी वर्षं मागं बसून शिकवत होतीस. मला ती कटकट वाटायची. आता तिच्यावर पोरं उडायला शिकतायत.

हे पत्र कोडोलीच्या घरी टाकावं तर तिथं आता मामाची सून असते, ती वाचून सगळ्या गावाला सांगेल. तेव्हा राहू दे माझ्याजवळच. एवढं मात्र सांगतो. आपलं खोटं विमान तिथल्या लोकांना दाखवायला भाचा मला बंगळूरला घेऊन गेला, खऱ्या विमानातनं. उजळाईवाडीच्या विमानतळावर ते पळायला लागलं तसे मी डोळे मिटले. भाच्याला सांगितलं, झोप आली. खिशात कापूस घेऊन गेलो होतो. दोन्ही कानांत कोंबला. विमान कसं गुणानं निघालं. मग तुझा पदर ज्या बाजूला फडफडायचा, त्या कानातला बोळा काढून मुठीत धरून ठेवला.