स्वप्नाचे खंडन

ता. ४ मार्च
ती. काकांस सा. न. वि. वि.
तीन आठवडे झाले, चष्म्याच्या काचा घासायला दुकानात गेले नाही. रोज एकच स्वप्न पडतं: गिऱ्हाईक मी केलेला चष्मा लावतं आणि म्हणतं, आता मुळीच दिसत नाही. दिवसभर अंथरुणातून उठवत नाही. डॉक्टर म्हणाल्या, नैराश्यामुळे अशी स्वप्नं पडतात आणि स्वप्नांमुळे नैराश्य वाढतं. उपचार दोन्हींवर हवेत. सुरू करू का? आई म्हणते, आधी तुम्हाला विचारावं. तुमच्या संमतीशिवाय आपल्याकडे दाराला रंगही लागत नाही.
लोभ आहेच, तो राहू द्यावा.
आपली पुतणी

ता. ८ मार्च
चि. ठकीस अ. उ. आ.
छत्तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले. इतके सदोष विधान पहिल्या वर्षाची मुलेही करत नसत. नैराश्याचे कारण स्वप्न आणि स्वप्नाचे कारण नैराश्य, हे दोघांनी एकमेकांच्या खांद्यावर उभे राहण्यासारखे झाले. आधी कोणते, हे डॉक्टरांनी लेखी कळवेपर्यंत उपचार घेऊ नयेत. स्वप्नाचे खंडन सोबत जोडले आहे, पाने सहा. एका गिऱ्हाइकावरून सर्वसामान्य निष्कर्ष निघत नाही. झोपण्यापूर्वी वाचावे. तुझी काकू म्हणते, पोरीला औषध द्या, पाने कसली देता. विधानाला आधार मात्र देत नाही.
लोभ कायम, शिस्तही असावी.
तुझा काका

ता. १५ मार्च
ती. काकांस सा. न. वि. वि.
डॉक्टरांची वेळ रद्द केली. खंडन रोज वाचते. गिऱ्हाईक यायचं थांबलं. आता स्वप्नात तुम्ही येता. मुद्दे क्रमाने मांडता आणि सिद्ध करता, की मी कोणाच्याही उपयोगाची नाही. सहा पानांत याचं खंडन नाही. जागी झाल्यावरही ते खरंच वाटतं. सातवं पान असल्यास पाठवावं.
लोभ असावा.
आपली पुतणी

ता. १७ मार्च
चि. ठकीस अ. उ. आ.
सातवे पान नाही. तुझ्या स्वप्नातला तो गृहस्थ माझ्यासारखाच बोलतो, हे नाकारता येत नाही. पण त्याचा निष्कर्ष खोटा आहे. हे मी सिद्ध करणार नाही, नुसते सांगतो. डॉक्टरांनी युक्तिवाद केलाच नव्हता, आजाराचे वर्णन केले होते. मी आजाराचीच परीक्षा घ्यायला बसलो. आज फोन करून त्यांची परवाची वेळ घेतली. आईला कळवले आहे. हे पत्र पोचण्यापूर्वी मीच येईन. आत तू एकटी बोल. मी बाहेरच्या बाकावर बसेन.
या खेपेस लोभ मागण्याचा अधिकार माझा नाही; तरी असावा.
तुझा काका