मागची सीट नसलेली मोटारसायकल

तीर्थरूप अक्का,

नमस्कार. साष्टांग लिहायची रीत आहे, पण सध्या मी इतकी तापलेली आहे की एकदा आडवी पडले तर पुन्हा भांडायला उठण्यात वेळ जाईल. तेव्हा नमस्कार उभ्याउभ्याच स्वीकारावा. तुमचा खोकला थांबला का? डॉक्टरांनी दिलेलं पातळ औषध तुम्ही घेतलंत की नेहमीप्रमाणे कुंडीत ओतलंत? (तुमच्या कुंडीतली झाडं तुमच्याहून ठणठणीत आहेत, हे मागच्या भेटीत माझ्या नजरेतून सुटलेलं नाही.) भाऊजींच्या कानाचं यंत्र नीट चालतंय ना? यापुढे इकडील सर्व खुशाल असं लिहायचं असतं. ते मी लिहिणार नाही. इकडे तुमच्या धाकट्या भावाने मोटारसायकल घ्यायचं ठरवलं आहे, आणि तिला मागची सीट नाही.

एवढ्यासाठी पत्र कशाला, फोन करायचा, असं तुम्ही म्हणाल. माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. फोनवर बोललेलं किती कानांतून गाळून पलीकडे पोहोचतं हे मला पक्कं ठाऊक आहे. शिवाय आमचं घर दोन खोल्यांचं आणि मधली भिंत पुठ्ठ्याची म्हणावी अशी. मी इथे कागदावर पेन टेकवलं तरी तिकडून, "काय लिहितेस गं?" असा प्रश्न येतो. (आत्ताच आला. वाणसामान, असं उत्तर दिलं आहे.)

झालं असं, की गेल्या महिन्यात आमच्या स्कूटरने भर चौकात मान टाकली. मेकॅनिकने तिच्या पोटात हात घातला, थोडा वेळ चाचपलं आणि मला म्हणाला, "काकू, हिला आता त्रास देऊ नका." म्हणजे नवी गाडी घेणं आलं. माझ्या मते प्रश्न तिथेच सुटला होता: गेली तशीच दुसरी आणायची. पुढे पाय ठेवायला सपाट जागा, तिथे भाजीची पिशवी, आणि मागे मी. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या शिवणाच्या सिस्टर म्हणत, कापडाला कात्री लावण्याआधी हे घालणार कोण आणि ते घालून करणार काय, एवढं विचारा. आम्ही दोघं निवृत्त. आम्ही करणार काय, तर मंडई, दवाखाना आणि वाचनालय. ह्याला काय शर्यतीची गाडी लागते?

पण आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त न्यायाधीश राहतात, आणि निकाल देण्याची त्यांची सवय काही निवृत्त झालेली नाही. जिन्यात त्यांनी ह्यांना गाठलं आणि सांगितलं, की गाडी हा माणसाचा आरसा आहे. माणूस कोणती मोटारसायकल निवडतो यावरून तो आतून कसा आहे ते कळतं. मी दोन दिवस गॅलरीत बसून ह्या सिद्धांताची तपासणी केली. समोरचे दातांचे डॉक्टर, जे बायकोला विचारल्याशिवाय शिंकत नाहीत, त्यांची गाडी अशी गुरगुरते की आमच्या कपाटातल्या बशा थरथरतात. तिचं हँडल इतकं उंच आहे की बिचारे वाळत घातलेल्या शर्टासारखे त्याला लटकलेले असतात. जिमवाला, ज्याच्या दंडावर आख्खा नकाशा गोंदलेला आहे, तो आईची फिकट गुलाबी मोपेड चालवतो आणि सिग्नलला दोन्ही पाय टेकून नम्रपणे उभा राहतो. चिखल, डोंगर, नद्या पार करणारी ती उंच गाडी आहे ना, ती पलीकडच्या हिशेबनिसाकडे आहे, आणि ती तो फक्त पुसतो. बाहेर पाऊल टाकायच्या आधी आकाश बघतो, गाडी बघतो आणि रिक्षा करतो. आता ह्यातून आतला माणूस कोणता आणि बाहेरचा कोणता? न्यायाधीशांना विचारलं तर म्हणाले, "अहो, हाच तर आरसा. आरशात डावं उजवं होतं." असल्या माणसाने इतकी वर्षं लोकांना तुरुंगात पाठवलं, ह्या विचाराने माझी त्या रात्रीची झोप गेली.

असो. (मी भरकटते, असं तुमचे बंधू म्हणतात. मी भरकटत नाही, वाटेत जे दिसतं ते सांगते.)

आता तुमच्या बंधूंविषयी, जे तुम्हाला माझ्याआधीपासून माहीत आहेत, तरी सांगते. चष्म्याच्या दुकानात त्यांचा सगळा जन्म गेला. समोरच्याच्या डोळ्यापुढे एक भिंग धरायचं, मग दुसरं धरायचं आणि विचारायचं, "हे बरं दिसतंय, की हे?" लोकांना आयुष्यभर हे विचारणाऱ्या माणसाने स्वतः मात्र कधी सांगितलं नाही की हे बरं की ते. भिंतीला कुठला रंग द्यायचा? "तुला बरा दिसेल तो." सुट्टीत कुठे जायचं? "तू ठरव." तेव्हा त्यांच्या वतीने उत्तरं देणं हे काम आपोआप माझ्याकडे आलं. डॉक्टरांनी कुठे दुखतंय विचारलं की मी सांगते. शिंप्याने बाही किती ठेवू विचारलं की मी सांगते. घंटी वाजली की उचलायचं, ही नोकरीतली शिस्त आहे, हौस नव्हे.

शोरूममध्ये गेलो. चहूकडे काच. गाड्या अशा उभ्या की सगळ्यांची हँडलं एकाच बाजूला वळलेली, कंटाळलेल्या वर्गाने एकदम खिडकीबाहेर बघावं तशी. तिथली विक्रेती हसतमुख, चटपटीत बाई. तिने ह्यांना "सर" म्हटलं आणि मला "काकू". (मी ह्यांच्याहून दोन वर्षांनी लहान आहे, पण तिच्यावर ह्यांच्या चष्म्याचा परिणाम झाला असावा.) ती म्हणाली, "मी आधी गाडी दाखवतच नाही सर, आधी माणूस समजून घेते. तुम्ही रायडर म्हणून कसे आहात?"

"ते रायडर नाहीत, निवृत्त आहेत," मी म्हटलं.

"रोज किती फिरणं होतं?"

"मंडईपर्यंत," मी.

"वेग आवडतो?"

"त्यांना पंखासुद्धा दोनवर लागतो," मी.

"आणि मागे कोण बसणार?"

ह्याला काय उत्तर द्यायचं? मी तोंड उघडलं, तर तिने वाहतूक पोलिसासारखा पंजा वर केला. "काकू, हे सरांना सांगू द्या."

तुमच्या बंधूंनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने पुसला. पुन्हा घातला. आणि म्हणाले, "कोणी नाही."

अक्का, एक्स्चेंजमध्ये असताना एकदम सगळ्या लाइनी बंद पडायच्या, तेव्हा कानात जी शांतता यायची ना, तशी शांतता मला तिथे आली. आणि ते तर चालत निघाले सुद्धा, थेट कोपऱ्यातल्या एका काळ्या गाडीकडे. बुटकी, लांब, अंगाबरोबर बसणारी. एक सीट, आणि ती संपते तिथे गाडीच संपते. मी विक्रेतीला विचारलं, "हिची मागची सीट कुठे ठेवली आहे?" ती म्हणाली, "काकू, हिला ती नसतेच. ही एकट्याने फिरणाऱ्याची गाडी आहे." अगदी कौतुकाने म्हणाली. आणि तुमचे बंधू त्या गाडीवर बसून दोन्ही हातांनी हँडल धरून म्हणाले, "हे बरं वाटतंय." इतक्या वर्षांत पहिलं स्वतःचं मत दिलं, तेही माझ्याविना!

मग ते टेस्ट राइडला गेले. जाताना माझ्या हातात पिशवी, छत्री आणि स्वतःचा चष्म्याचा डबा देऊन गेले. अंगाचा तिळपापड झाला माझ्या. मी विक्रेतीला म्हटलं, मला ती उंच गाडी दाखवा, ती हिशेबनिसाकडे आहे तसली. ती म्हणाली, काकू, तिची सीट जरा वर आहे. मी म्हटलं, माझीही मान जरा वरच असते. तिथे एक लाकडी पायरी होती, तिच्यावरून चढले. चढणं सोपं होतं. मग कोणीतरी शहाण्याने ती पायरी दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी उचलून नेली. आता माझा एक पाय हवेत, दुसराही हवेत, आणि साडीचा काठ ब्रेकच्या पट्टीत. मी विक्रेतीला हाक मारली, तिने रोखपालाला हाक मारली, रोखपालाने सुरक्षारक्षकाला. सगळे येऊन गोल उभे राहिले आणि कुठून धरावं ह्यावर चर्चा करू लागले, जणू मी पियानो आहे.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. त्या उंचीवरून काचेबाहेरचा पूर्ण रस्ता दिसत होता. तिथे तुमचे बंधू त्या काळ्या गाडीवरून आले, वळले, परत गेले, परत आले. पाठ ताठ. आणि अक्का, त्यांचे ओठ हलत होते. आधी वाटलं, काहीतरी पुटपुटताहेत. मग मान डोलली. ते गात होते! लहानपणी गायचे का हो? मला माहीत नाही. मी त्यांच्या मागे इतकी वर्षं बसले, मला कधी ऐकू आलं नाही. (मी मागून सतत सूचना देते, असं तुमच्या धाकट्या भाच्याने एकदा म्हटलं होतं. सूचना नव्हेत. डावीकडून बस येत्ये, ही माहिती आहे.)

घरी आलो. सरळ विचारायला माझ्या जिभेला कधी अडचण पडलेली नाही, पण ह्या वेळी पडली. म्हणून आडून विचारलं. म्हटलं, "त्या गाडीवर सामान कुठे ठेवणार?" म्हणाले, "पिशवी पाठीला लावीन." म्हटलं, "मोठं सामान असलं तर?" म्हणाले, "मोठं कोणतं?" मी म्हटलं, "समजा, माझ्याएवढं." ते विचारात पडले आणि म्हणाले, "फ्रिज म्हणतेस का? तो टेम्पोने येईल." अशा माणसाशी संसार केला मी.

न्यायाधीशांनी अर्थातच न विचारता निकाल दिला: ह्या वयात एका सीटची गाडी घेणाऱ्याला मोकळीक हवी असते. मोकळीक कशापासून, हे त्यांनी सांगितलं नाही, पण सांगताना माझ्याकडे बघितलं. उद्या ह्यांनी शोरूमला पक्कं काय ते कळवायचं आहे. मी रागावले आहे, घाबरले आहे की मला नुसती झोप कमी पडली आहे, हेही मला नीट कळेनासं झालंय. कोणती गाडी घ्यावी हा माझा प्रश्नच नाही आता. ते ज्या रस्त्याने गात जाणार, त्या रस्त्यावर मी कुठे, एवढंच मला कोणी सांगावं.

भाऊजींना नमस्कार. औषध घ्या.

तुमची भावजय
(सध्या तरी)

ता. क. तुम्ही थोरल्या. तुमच्याशी ते खोटं बोलत नाहीत. पत्र मिळताच त्यांना फोन करा आणि सहज विचारल्यासारखं विचारा, की मागे कोणी का नाही. मी सांगितलं म्हणू नका. जरा मोठ्याने विचारा. मी शेजारच्या खोलीत योगायोगाने असेन.

ता. क. दुसरा. फोन करू नका. पाकीट चिकटवायच्या आधी मीच विचारलं. माझ्याच्याने राहवलं नाही. तुमचे बंधू म्हणाले, "तू मागे बसलीस की नुसती ऐकू येतेस. दिसत नाहीस." हे कौतुक आहे की तक्रार, हे मला अद्याप उमगलेलं नाही; तुम्हाला उमगल्यास कळवा. म्हटलं, मग मी काय पायी यायचं? तर म्हणाले, "पायी कशाला? बाजूने ये." त्या उंच गाडीवर मला अडकलेलं बघूनच त्यांच्या डोक्यात आलं म्हणे, आणि मला खाली उतरवल्यावर मी साडीच्या काठावरून रोखपालाशी वाद घालत होते तेवढ्यात त्यांनी विक्रेतीकडे माझ्यासाठी दुसरी, दोन्ही पाय जमिनीला पोहोचतील अशी बुटकी गाडी सांगूनही टाकली. मला न विचारता! माझ्या वतीने सगळी उत्तरं देऊन! मी कसली रायडर आहे, हेसुद्धा त्यांनीच सांगितलं: निर्भय, थोडी रागीट, ब्रेक उत्तम लागतील, हॉर्न नसला तरी चालेल. माणसाच्या उद्धटपणाला काही सीमा?

ता. क. तिसरा, आणि हे वाचून झाल्यावर कागद फाडा. तुम्ही पन्नाशीत गाडी शिकलात, असं हे आत्ता म्हणाले. वळताना आतल्या बाजूचा पाय खाली सोडायचा की वरच ठेवायचा? क्लच आधी की ब्रेक आधी? आणि पहिल्यांदा पडलात तेव्हा खरोखर किती लागलं? उत्तर फक्त माझ्या नावाने, बंद पाकिटात पाठवा. त्यांना विचारणार नाही मी. ते लगेच म्हणतील, "हे बरं वाटतंय, की हे?" आणि मी वरून नाही म्हटलं तरी, अक्का, त्यांची गाडी आणि माझी गाडी, मला दोन्ही बरंच वाटतंय.