ओवाळणीतली डबी

मुदखेड,
१२ फेब्रुवारी २०२५

ती. रामलिंगमामांना शिवांगीचा नमस्कार.

औशात सगळे मजेत असाल. इकडे हळद शिजायला लागली आहे, गावभर वास आहे. आईची तब्येत बरी आहे. फोनवर तुम्ही माझं बोलणं हसण्यावारी नेता, म्हणून लिहिते.

दुकानात तुम्ही गिऱ्हाइकांना सांगता म्हणे, "माझी भाची बी.एस्सी. हाय. तिनंच सांगितलं, या हळदीच्या कॅप्सूलनं संधिवात मुळासकट जातो." मी असं कधी म्हटलं, मामा? हळदीतल्या करक्युमिननं सूज कमी व्हायला मदत होऊ शकते, एवढंच म्हटलं होतं. ते पोटातून रक्तात फार थोडं उतरतं, हे पुढचं तुम्ही ऐकलंच नाही. आणि आईचा संधिवात आतून सांधा खाणारा. त्याला आवर घालते ती डॉक्टरांची आठवड्याची गोळी. आपल्या घरातली पहिली पदवी माझी. ती तुमच्या डबीवर चिकटवायला घेतली नव्हती.

भाऊबीजेला आईनं ओवाळलं, तुम्ही ताटात तीच डबी ठेवलीत. वर म्हणालात, "अक्का, आता त्या गोळ्या सोड. लई गरम असतात." तुम्ही जेवून औशाला गेलात आणि आईनं गोळी सोडली. मी समजावलं, भांडले. ती म्हणते, "माझ्या भावानं ताटात घातलंय. तुझ्या डॉक्टरनं घातलं का?"

वर 'बरी आहे' लिहिलं ते खोटं. तिची बोटं सुजून वाकडी व्हायला लागली आहेत. भाकरी थापता येत नाही. पोलक्याचे हूक मी लावते, तेव्हा ती भिंतीकडे बघत राहते. डॉक्टर म्हणाले, गोळी लगेच सुरू करा, एकदा वाकडं झालेलं बोट सरळ होत नाही. त्यावर आई काय म्हणाली माहीत आहे? "रामलिंगला वाईट वाटंल."

तुम्ही मायेनं दिलंत, हे मला कळतं. म्हणून तर जास्त संताप होतो. दुसऱ्या कुणाची डबी असती तर मी केव्हाच उकिरड्यावर फेकली असती.

रविवारी या. तिच्यासमोर बसा, चुकलं म्हणा आणि ती डबी उचलून न्या. दिलेली ओवाळणी कुणी परत घेत नाही, ठाऊक आहे मला. तुम्ही घ्या. गोळी तुमच्या हातानं तिच्या हातावर ठेवा. माझ्या हातची ती घेत नाही.

पुढच्या भाऊबीजेला ताट तिलाच धरता आलं पाहिजे, मामा.

जिचं नाव सांगून तुम्ही कॅप्सूल विकता, ती तुमची भाची,
शिवांगी