परतल्यावर कळवावे

१४ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. तब्येत बरी असेल असं धरून चालते. तसंही तुम्हा अंतराळवीरांच्या तब्येतीची बातमी तुमच्याआधी आम्हालाच कळते. हे पत्र तू मंगळावरून परत येऊन उतरल्यावर, विलगीकरणाच्या खोलीत, निरोपबाई तुझ्या हातात देतील. अंतराळ केंद्रातल्या समन्वयक बाईंना मी आणि बाबा निरोपबाई म्हणायचो. दर गुरुवारी तुझ्यासाठी तीन मिनिटं बोलायला त्या आम्हाला एका करड्या खोलीत कॅमेऱ्यासमोर बसवायच्या, आणि तुझा निरोप आला की माझ्या फोनवर पाठवायच्या. बाईंना हे नाव माहीत झालंय. चिडल्या नाहीत.

इकडे सगळं ठीक. जिन्यातला दिवा एकदाचा बदलला. आमच्या विभागात नवं एक्स-रे मशीन आलंय, जुन्यापेक्षा जास्त कुरकुरतं. तुझी खोली झाडून ठेवलीय, गादीला ऊन दाखवलंय. तुझ्या पँटी मात्र आखूड होतील. तुम्ही लोक उंच होऊन येता म्हणे.

एवढं लिहून मी दोनदा उठले, दोनदा चहा केला. आता आणखी चहा पिववत नाही.

दादा, बाबा गेले. अकरा महिने झाले.

फुफ्फुसाचा आजार. तू मंगळावर उतरलास त्याच्या दुसऱ्या महिन्यात खोकला सुरू झाला. "जुनी धूळ आहे," म्हणायचे. चाळीस वर्षं कारखान्यात लेथवर काढलेला माणूस, त्यांना प्रत्येक दुखणं म्हणजे धूळच. मी ओढत दवाखान्यात नेलं. फिल्म मीच काढली. "श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा." दिवसातून साठ जणांना हे म्हणते. त्या दिवशी पडद्यावर डावीकडे पांढरा डाग दिसला आणि मी "सोडा" म्हणायचं विसरले. शेवटी बाबाच म्हणाले, "अगं, सोडू का आता? जीव जाईल माझा."

त्यानंतर दहा महिने काढले त्यांनी.

आधी गुरुवारी हौसेनं इस्त्रीचा शर्ट घालून केंद्रात यायचे. पुढे मान कॉलरमध्ये हलायला लागली, तेव्हा बाई म्हणाल्या, "आता त्यांना कॅमेऱ्यासमोर नको. आजाराची बातमी वर जाऊ द्यायची नाही." मग मी एकटी बसायला लागले. तू विचारायचास, "म्हातारबा कुठाय?" मी म्हणायचे, "झोपलेत."

असं किती दिवस चालणार? एकदा मी बाईंच्या टेबलापाशी जाऊन भांडले. माझ्या भावाला कळायला हवं, हे ठरवणारे तुम्ही कोण, वगैरे. आजूबाजूचे लोक बघायला लागले. बाईंनी फाइल काढली आणि एक फॉर्म माझ्यापुढे सरकवला. 'जवळच्या व्यक्तीचे गंभीर आजारपण किंवा निधन.' खाली दोन चौकोन. 'लगेच कळवावे.' 'परतल्यावर कळवावे.' दुसऱ्या चौकोनात तुझी खूण. त्याखाली तुझी सही. आणि साक्षीदार म्हणून बाबांची.

घरी येऊन चप्पलही न काढता बाबांना विचारलं.

"त्यानं मला विचारलं, मी म्हटलं कर," ते म्हणाले. "तिथे बसून तो काय करणार? रडला असता. हेल्मेट घातलं की डोळेसुद्धा पुसता येत नाहीत."

"आणि मला का नाही सांगितलंत?"

"तू भांडली असतीस."

तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंत, आणि खोटं बोलायचं काम माझ्या गळ्यात घातलंत. मला विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

शेवटच्या महिन्यात त्यांचं मन फिरलं. दुपारी मी औषध देत होते, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "मी सही केली ते चुकलं. त्याला सांग. येता यायचं नाही हे मला कळतं. पण एकदा माझ्याशी बोल म्हणावं. माहीत असताना बोल."

मी बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "फॉर्म फक्त त्यांनाच बदलता येतो. आणि बदलायचा का असं विचारलं, म्हणजे सांगितल्यासारखंच झालं." मी तिथे खुर्चीत बसून राहिले. बाई फाइलचा कोपरा दुमडत होत्या, उलगडत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "तुमचा निरोप आधी मी बघते, मग तो वर जातो. आजचा बघणार नाही." मला आत बसवलं, कॅमेरा चालू केला आणि बाहेर जाऊन दार लावून घेतलं.

पुढचं तुला कुणीही सांगणार नाही, कारण माझ्याशिवाय ते कुणाला माहीत नाही.

माझ्याकडे तीन मिनिटं होती. मी तोंड उघडलं आणि डोळ्यांपुढे तुझी ती खूण आली. किती नीट केली होतीस, चौकोनाच्या रेघेलाही न लागता. मला वाटलं, हेच हवं होतं ना तुला? मग घे. मी तुला खालच्या शिंपीणबाईंच्या मांजरीला चार पिल्लं झाल्याचं सांगितलं. त्यातलं एक आंधळं आहे, तेही सांगितलं. बाबा मजेत आहेत म्हटलं.

घरी आले तर बाबा उशीला टेकून वाट बघत होते. "सांगितलंस?"

"सांगितलं," मी म्हटलं.

पुढच्या गुरुवारची त्यांनी किती वाट बघितली, काय सांगू. सकाळीच दाढी करून मागितली. तुझा निरोप आला, मी फोन त्यांच्या हातात दिला. त्या दिवशी तुम्ही पृथ्वीवरून पाठवलेल्या त्या जुन्या यंत्रगाडीपाशी पोचला होतात, तू शाळेत असताना वाळूत रुतून बंद पडली ती. तू गुडघ्यांवर बसून हातमोज्यानं तिच्यावरची धूळ पुसत होतास. "बिचारी," तू म्हणालास, "इतकी वर्षं एकटी पडून होती. चार्जिंग संपेपर्यंत निरोप पाठवत राहिली, आणि उत्तर द्यायला कुणी नाही." तिन्ही मिनिटं तिच्याबद्दलच बोललास. शेवटी हात हलवलास. "चला, सगळ्यांना नमस्कार!"

बाबांनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा शेवटपर्यंत पाहिलं. मग फोन पालथा ठेवला.

"कामात आहे तो," म्हणाले.

मी हातभर अंतरावर उभी होते. 'त्याला माहीतच नाही, मी सांगितलं नाही,' एवढंच म्हणायचं होतं. पण म्हटलं असतं तर मी खोटारडी ठरले असते आणि तू सुटला असतास. मी त्यांची उशी सरळ केली आणि पाणी आणायला गेले.

त्यानंतर ते सहा दिवस होते. सहाही दिवस मी खरं सांगितलं नाही. त्यांनी तुझं नाव पुन्हा काढलं नाही.

ते गेल्यावरही तू आणखी दोन महिने विचारत होतास, मी "झोपलेत" म्हणत होते. मग तू विचारणं सोडलंस. तुला कळलं असणार, दादा. कळूनही विचारलं नाहीस. तिथेही तू तीच खूण केलीस. म्हणून मला तुझी कीव येत नाही, आणि याची मला लाज वाटते.

उतरल्यावर तुम्हाला पुन्हा चालायला शिकवतात, धरायला घरचं माणूस लागतं, असं बाईंनी कळवलंय. मी येणार नाही. घराची किल्ली शिंपीणबाईंकडे आहे. बाबांची औषधं, कागद, कपडे, सगळं मी आवरलंय. तू येशील तेव्हा मी दुसऱ्या गावात कामाला लागलेली असेन. पत्ता बाईंना दिलाय, पण तुला नाही द्यायचा असं सांगितलंय.

मला माफ केलंस तर तसं कळवू नकोस. नाही केलंस तरी कळवू नकोस.

या वेळी आशीर्वाद मागत नाही.

धाकटी