गव्हर्नरच्या हुकमाने आभार

ओरिनदादा,

आज चर्चमध्ये पाद्रीबाबांनी तुझा, गव्हर्नरचा, जाहीरनामा वाचला. सुगी चांगली झाली, सर्वांनी देवाचे आभार मानावेत. एरवी तुझं नाव आलं की आई ताठ बसायची. आज तिने मान वर केली नाही.

आपल्या लायमनला तू माफी नाकारलीस. म्हणालास, "सख्ख्या भावाची फाशी रद्द केली तर लोक काय म्हणतील?" लोक तुला न्यायी म्हणाले, परत निवडूनही दिलं.

घरी आभाराच्या सणाची टर्की कापली, पण कोणी घास घेईना. मी म्हटलं, "आई, राहू दे यंदा प्रार्थना."

"राहू दे कशी? माझ्या लेकाचा हुकूम आहे!" तिने हात जोडले. "देवा, यांचा बाप हे बघायला उरला नाही, तुझे आभार."

पत्र चुलीत टाकतेय. पाठवलं तर तू आपलं कसं बरोबर होतं ते समजावशील, आणि मला पटेल, याचीच भीती वाटते.

तुझी धाकटी,
तॅमसिन