मी ‘बंद’ म्हटल्याशिवाय

प्रिय मोहिनी,

तू कुकरसाठी मागितलेला टायमर तीनशे साठ रुपयांचा होता. तो मी घेतला नाही. त्यापायी साळुबाईच्या डाव्या हाताची चार बोटं कायमची वाकडी झाली, आणि तू घर सोडून गेलीस. खरी किंमत ही.

पत्र बघून तुला हसू येईल. अण्णांनी आजवर किराण्याच्या यादीपलीकडे काही लिहिलेलं नाही. आधी हॉटेलची खबर घे. तू गेल्यापासून दोन कुक बदलले. पहिला सणाला गावी गेला तो गेलाच. दुसरा फोनवर बोलत बोलत भाजीत मीठ दोनदा टाकतो. माळशेजला निघालेल्या एका पावण्यानं आपल्या पिठल्याला एकच स्टार दिला. का, तर पार्किंगला सावली नव्हती! त्याला गोड शब्दांत उत्तर लिहिणारी आता पुण्यात कुणाच्या तरी रिसेप्शनवर उभी असते. भाकरी बाहेरून आणतो. गिऱ्हाईक एक घास खातं आणि चपाती मागतं.

डोंगरातनं मी चौदाव्या वर्षी आळेफाट्यावर कपबशा विसळायला आलो. हॉटेलचा धंदा मी कानांनी शिकलो. एसटी फाट्यावर वळली की गिअरच्या आवाजावरनं ती भरलेली की रिकामी ते ओळखायचो आणि तेवढाच चहा टाकायचो. तू हॉटेल मॅनेजमेंट शिकून आलीस, किचनच्या भिंतीवर तक्ते लावलेस, तेव्हा मी सगळ्या कामगारांसमोर म्हणालो होतो, “पोरी, तुमच्या कॉलेजला जे यंत्रानं कळतं, ते मला गल्ल्यावर बसून ऐकू येतं.” सगळे हसले. तूही हसलीस. मोठ्या कुकरच्या शिट्ट्या मी मोजणार आणि मी ‘बंद’ ओरडल्याशिवाय गॅसला कुणी हात लावायचा नाही, हा आपला नियम. पूर्वी कुक मनाला येईल तेव्हा गॅस बंद करायचे, डाळ कच्ची राहायची, म्हणून केलेला. बावीस वर्षं चालला.

त्या दिवशी चांदमल शेठच्या घरची पन्नास माणसं जेवायला होती. कांदा-लसूण नाही, पाणी उकळलेलं, आणि सूर्य मावळायच्या आत पंगत उठलीच पाहिजे. मी नुसता पळत होतो. पत्रावळ्या कमी पडतील असं वाटलं, म्हणून तुला मीच आळे गावात पाठवलं. डाळीचा कुकर चढलेला होता. मी मोजल्या दोन शिट्ट्या. आत साळुबाई भाकऱ्या थापत माझ्या आवाजाची वाट बघत होती. शेवटी न राहवून तिनंच नियम मोडला, गॅसकडे हात नेला, आणि तेवढ्यात सेफ्टी वॉल्व उडाला. उकळती डाळ तिच्या हातावर आली.

शेठ धावत आत आले. “गोरखभाऊ, हे काय होऊन बसलं?” मी म्हणालो, “मॅनेजर जागेवर नव्हती.” तू तेव्हा पत्रावळ्यांचा गठ्ठा घेऊन दारात उभी होतीस. अण्णा, तुम्हीच तर पाठवलंत, एवढंच म्हणायचं होतं. तू म्हणाली नाहीस. मग साळुबाईचा लेक भिमाजी तुला नको नको ते बोलला, आणि मी मान खाली घालून ऐकत राहिलो. सकाळच्या गाडीनं तू गेलीस.

त्यानंतर तू किती वेळा फोन केलेस! मी ‘कामात आहे’ म्हणून ठेवत गेलो. राग नव्हता गं. तू काय बोलतेस ते मला ऐकूच येत नव्हतं. गेल्या आठवड्यात डॉक्टरला कान दाखवले. डावा पार गेलाय, उजवा निम्मा. आजचं नाही, तीन-चार वर्षांचं दुखणं, म्हणाले. म्हणून हे पत्र. परवा बेल्ह्याला साळुबाईच्या घरी गेलो. भिमाजीसमोर सांगितलं, मोहिनीला मीच पाठवलं होतं, शिट्ट्या मला ऐकू आल्या नाहीत. चांदमल शेठलाही दुकानात जाऊन तेच सांगितलं. तुला परत ये म्हणायला मला तोंड नाही, तेवढ्यासाठी लिहीतही नाही. साळुबाई शिव्या देईल असं वाटलं होतं. तिनं माझ्या उजव्या कानाशी तोंड आणलं. “अण्णा, आमाला लई दिस ठावं व्हतं. पण पोरीनं आण घातली व्हती, अण्णास्नी कळू द्यायचं न्हाई.” दोन वर्षं मी गल्ल्यावरनं ‘बंद’ ओरडायचो, तेव्हा गॅस तू आधीच बंद केलेला असायचा.

तुझाच,
अण्णा